गरम हवा पायाशी येत नाही

पाथर्डी
२ डिसेंबर

प्रिय सम्राट, आणि त्याच्यासोबत त्या कॅम्पात राहणाऱ्या सगळ्या टिप्परचालक बांधवांनो,

जयभीम.

थंडी सुरू होताच तुमच्या ठेकेदाराने एकेका गाडीत न गोठणारं कूलंट भरून घेतलं. इंजिन गोठलं तर रस्त्याचं काम थांबतं, म्हणून इंजिनाची एवढी काळजी. त्याच इंजिनाच्या शेजारी, हातभर अंतरावर, तुम्ही दिवसभर बसता. तुम्ही गोठलात तर काय थांबतं? काहीच नाही. पाथर्डीतून दुसरा येतो. आमच्या तालुक्यातून माणसं मागवायची सवय सगळ्यांना आहे. ऊस तोडायला इथूनच मागवतात, आता कारगिलच्या पुढे डोंगर फोडायला इथूनच मागवतात, आणि कुणी एकानेही आजवर विचारलं नाही की ज्या माणसाने आयुष्यात शून्याच्या खाली पारा पाहिला नाही, त्याला उणे वीसमध्ये बसवताना त्याच्या केबिनमध्ये ऊब आहे का. केबिन ही गाडीचा भाग नाही, बांधवांनो. ती कामगाराची खोली आहे. खोलीत ऊब मागणं ही भीक नाही.

सम्राट, इथपर्यंतचं मेसमध्ये मोठ्याने वाच. पुढचं तुझ्यापुरतं.

तुमच्या स्टोअर सांभाळणाऱ्या ओमच्या फोनवरून तुझा निरोप आला, 'हीटरचा पंखा फिरत नाही, अण्णांना विचार.' एवढंच. आपलं प्रीपेड कार्ड तिकडे चालत नाही आणि नेट फक्त ओमच्या स्टोअरच्या खोलीत, तेही मर्जी असेल तेव्हा, हे त्याने कळवलं. अण्णांना तसंही फोनवर ऐकू येत नाही. जन्मभर ट्रक चालवून त्यांचे कान गेले ते गेलेच. तेव्हा असं करू. तू कागदावर सविस्तर लिही, ओम फोटो काढून मला पाठवील. मी अण्णांना ओरडून वाचून दाखवीन आणि ते सांगतील ते लिहून त्याचा फोटो ओमला पाठवीन.

अण्णा म्हणाले, "त्याला म्हनावं, आधी फ्यूज बघ. फ्यूज न बघता गाडी खोलत बसनारा माझा पोरगा न्हाई." फ्यूज ठीक असेल तर पंख्याच्या मोटरची वायर सोडवून थेट बॅटरीवर धरायची. मोटर फिरली तर दोष बटणात. नाही फिरली तर मोटरमध्ये.

मी विचारलं, ही गाडी तुम्ही बारा वर्षं चालवली, हीटर कधी लावला होता का? अण्णा म्हणाले, "नगर जिल्ह्यात हीटर? डोकं फिरलंय का माझं?" गाडी पंजाबातून जुनी घेतलेली, म्हणून तिच्यात तो आहे. नाहीतर नसताच.

तुझी ताई,
भारती

*

कॅम्प
९ डिसेंबर

ताई,

जयभीम. पत्र मेसमध्ये वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बिहारी ड्रायव्हर आहे, त्याला मराठी कळत नाही, त्यानेही वाजवल्या. पंखा मात्र फिरला नाही.

ठेकेदाराचं म्हणशील तर मुकादमाचं उत्तर तयार होतं. "गाडी तुमची, तर हीटर पण तुमचा." खरं आहे ते. गाडी अण्णांच्या नावावर आहे. म्हणून ठेकेदाराच्या कागदावर मी कामगार नाही, मालक आहे.

फ्यूज बघितला. ठीक आहे. वायर बॅटरीवर धरली. ठिणगी पडते, पण मोटर फिरत नाही. नुसती गुरगुरते.

पंखा नसल्याने काचेवर आतून बर्फ धरतो. एका हाताने स्टीअरिंग आणि दुसऱ्या हाताने काच खरवडायची. गोरक्षने त्यासाठी मला स्टीलचं उलथनं दिलं आहे. गोरक्ष म्हणजे खर्डा गावचा, तिकडूनच माझ्यासोबत आला तो. आम्ही एकाच खोलीत राहतो. तो म्हणतो, "तू ड्रायव्हर न्हाईस, धिरडी काढनारा हाईस."

काचेचं चालतं. पायांचा त्रास आहे. दिवसभर ठणकतात. संध्याकाळी बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. उतारावर ब्रेक किती दाबला गेला ते पायाला नीट समजत नाही, गाडीच्या आवाजावरून ओळखतो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नदी, खूप खाली. म्हणून पंखा लवकर व्हायला हवा.

बाकी ठीक. आई गेल्यापासून तसंही मला फारसं काही जाणवत नाही, त्यामुळे थंडीचं विशेष वाटत नाही. फक्त ब्रेकचं बघायला हवं.

सम्राट

*

पाथर्डी
१२ डिसेंबर

प्रिय सम्राट,

'कागदावर मी मालक आहे' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. बघ, किती सोपी युक्ती आहे! ज्याच्या हातात काही नाही त्याला मालक म्हणायचं. मग त्याची थंडी त्याची, त्याचा अपघात त्याचा, त्याचा हीटर त्याचा. फक्त त्याने उपसलेला डोंगर तेवढा त्यांचा. हमालाला मालक म्हटलं की हमाली फुकटात पडते. मी नगरला कामगार कार्यालयात अर्ज घेऊन जाणार आहे. तू आणि गोरक्ष, दोघांनी सही करून पाठवा. आणखी कोण करतील त्यांचीही घे.

आईबद्दल तू लिहिलंस ते अण्णांना वाचून दाखवलं नाही.

आता मोटर. गुरगुरते म्हणजे ती जिवंत आहे, आत काहीतरी अडकलंय, असं अण्णा म्हणतात. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने पंख्याचं घर खोलायचं. पात्यांचा पिंजरा हाताने फिरवून बघायचा. अडकलेलं काढलं आणि तरी फिरला नाही तर मोटरचे कार्बन, म्हणजे आत वीज पोचवणारे छोटे तुकडे, झिजलेत. ते मिळाले नाहीत तर भंगारातल्या कुठल्याही मोटरचे घेऊन दगडावर घासून मापात आणायचे. "घासताना घाई करू नको म्हनावं. घाई केली की तुटतंय," असं दोनदा लिहायला सांगितलं.

ब्रेकचं ऐकून ते उठून अंगणात गेले, परत आले आणि म्हणाले, "पंखा हुईपर्यंत पहिल्या गियरात उतर म्हनावं. मुकादम बोंबलला तर बोंबलू दे."

मीही तेच म्हणते.

ताई

*

कॅम्प
१८ डिसेंबर

ताई,

पंखा चालू झाला.

घर खोललं तर आत पाचट निघालं. उसाचं. कारखान्याला ऊस वाहायचो तेव्हाचं, वरून उडून आत गेलेलं. उंदराने त्याचं घरटं केलं होतं. घरटं पिंजऱ्यात घट्ट बसलेलं. उंदीर नव्हता. हातात घेतलं तेव्हा वास आला, शेवगावच्या रस्त्याचा. गोरक्षने ते घेऊन नाकाला लावलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मलाही काहीतरी वाटायला हवं. मग मी पाती पुसली.

कार्बन झिजलेलेच होते. वायपरच्या मोडक्या मोटरचे काढून घासले. घाई केली नाही, अण्णांना सांग. तरी पहिला तुटलाच.

पंखा सुरू केला तर गार हवा. बाहेरची थंडी आत ओढून तोंडावर फेकतोय. गोरक्ष म्हणाला, "बंद कर बाबा, आधीच बरं हुतं." मग बोनटखाली बघितलं. इंजिनातलं गरम पाणी एका नळीने हीटरमध्ये जातं आणि दुसरीने परत येतं. आपल्या गाडीत दोन्ही नळ्या हीटरपासून सोडवून एकमेकींना जोडून टाकल्या आहेत. वर पट्टी आवळलेली. पाणी हीटरकडे जातच नव्हतं. पंखा कितीही फिरवला असता तरी गारच हवा आली असती. हे कुणाचं काम ते विचारत नाही. नगरचा उन्हाळा आपल्यासोबत इथवर आला आहे एवढंच.

गोरक्ष आणि मी नळ्या परत लावल्या. पाण्यात हवा अडकली होती. गाडी चढावर तोंड करून उभी केली, टोपण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. आता गरम हवा येते. काच साफ राहते. उलथनं मेसमध्ये परत दिलं.

मधल्या दिवसांत गाडी एका वळणावर दगडी कठड्याला टेकली. पंखा व्हायच्या आधी. बंपर वाकला. विशेष काही नाही, लिहायचं राहू नये म्हणून लिहिलं.

पायाशी मात्र अजून ऊब येत नाही. तोंडाला, हाताला लागते. खाली काही नाही. पण ठणका थांबला आहे, सुयाही टोचत नाहीत. त्यामुळे घाई नाही. अण्णांना सवडीने विचार.

अर्जावर सही केली आहे, फोटो सोबत आहे. गोरक्षने केली. बाकीच्यांनी विचार करून सांगतो म्हटलं.

सम्राट

*

पाथर्डी
२३ डिसेंबर

प्रिय सम्राट,

ठणका थांबला हे वाचलं आणि मी फोन खालीच ठेवला. किती दिवसांनी घरात मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू! शेजारच्या रंगुबाईंना मी चहाला बोलावलं आणि सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "पोरगं नशीबवान हाय, बाप वस्ताद हाय."

आणि वस्ताद काय म्हणाले ऐक. नळ्यांचं वाचलं तसे मोठ्याने हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. "व्हय, म्याच जोडून घेतल्या नगरच्या मिस्त्रीकडून. मे महिन्यात त्या नळीनं केबिनची भट्टी हुती. नगरात येनाऱ्या समद्या पंजाबी गाड्यांचं पयलं काम त्येच असतंय. त्याला म्हनावं, मे महिन्यात घरी ये आनि तवा बोल."

पायाशी हवा न येण्याचं कारण त्यांनी लगेच सांगितलं. हवा वर काचेकडे जावी की खाली पायाकडे, हे ठरवणारी एक पत्र्याची झडप असते. ती वापर नसल्याने वरच्या बाजूला गंजून बसली असणार. डॅशबोर्डखाली आडवा होऊन हात घाल, थोडं डिझेल सोड आणि हलकेच खाली ओढ. खालच्या तोंडात कुणी चिंधी कोंबली असेल तर तीही काढ. "चिंधी असंल. म्याच कोंबली असंल," असं म्हणून पुन्हा हसले.

मी कामगार कार्यालयात जाऊन आले. साहेब भले दिसले, पण म्हणाले, मालकाच्या अर्जाला इथे जागा नाही. मी त्यांना विचारलं, साहेब, जो स्वतःच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ उलथन्याने खरवडतो त्याला तुम्ही कोणत्या रकान्यात बसवता? त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. बसवतील. आज ना उद्या बसवावंच लागेल. पुढच्या महिन्यात नगरला चालकांची सभा आहे, तिथे मी तुझ्या पंख्याची सगळी गोष्ट सांगणार आहे. पाचटापासून. एका माणसाने बाराशे मैलांवर बसून, बापाच्या बोलण्यावरून, ठेकेदाराच्या नाकावर टिच्चून आपली ऊब मिळवली, हे लोकांना कळायला हवं.

कठड्याचं अण्णांना वाचलं. ते म्हणाले, बंपर कुठल्या बाजूचा? मी म्हटलं, लिहिलेलं नाही. कळव.

ताई

*

कॅम्प
२ जानेवारी

ताई,

बंपर नदीच्या बाजूचा.

मध्ये बर्फ पडला, नेट नव्हतं. म्हणून उशीर.

झडप गंजलेलीच होती. डिझेल सोडून ओढली, आली खाली. चिंधीही निघाली. अण्णांच्या जुन्या बनियनची. खालच्या तोंडाला हात लावून बघितला, हवा जोरात येते. हाताला लागते. पण पायाला काही लागत नाही. सीटवर बसून दोन्ही पाय अगदी त्या तोंडाशी नेऊन ठेवले तरी नाही. मला वाटतं, तिथपर्यंत जाताना हवा गार होत असेल. किंवा जोर कमी पडत असेल. मी आता पंखा पूर्ण जोरात ठेवतो, आणि गाडी भरण्यासाठी रांगेत थांबलो की बूट हवेच्या तोंडाला टेकवूनच बसतो.

काल गोरक्ष गंमत करत होता. त्याची गाडी बंद पडली म्हणून माझी घेऊन एक खेप मारायला बसला, मी शेजारी. जरा वेळाने पाय वर घेऊन ओरडला, "आयला सम्राट, भाजतंय की रं! भट्टी लावलीस का काय हितं?" मी म्हटलं, मग माझ्या पायाला का लागत नाही? तो म्हणाला, "तुझं पाय हाईत का लाकडं?" दिवसभर तेच. मेसमध्ये पण सगळ्यांना सांगत होता, ह्याला लाकडाचे पाय बसवलेत म्हणून.

केबिनमध्ये दोन दिवस जळाल्याचा वास येत होता. वायर असेल म्हणून सगळ्या वायरी तपासल्या. वायर ठीक आहे. उजव्या बुटाचं रबर बाजूने वितळलंय, त्याचा वास होता. बूट तसेही स्वस्तातले आहेत.

बूट दोन-तीन दिवस काढले नाहीत. घट्ट झालेत, आणि काढून पुन्हा घालायचं जिवावर येतं. झोपतोही तसाच.

अण्णांना विचार, आता आणखी काय खोलून बघू?

सम्राट

*

पाथर्डी
३ जानेवारी

ओम,

हा फोटो आधी तूच उघडशील. तू संगमनेरचा आहेस, मराठी वाचतोस. सम्राट कुठे असेल तिथून त्याला स्टोअरमध्ये बोलावून घे. खेपेवर असेल तर गाडी थांबव. गोरक्षला सोबत बोलाव. मुकादम काही म्हणाला तर माझं नाव सांग. मग हा कागद सम्राटच्या हातात दे आणि तो वाचून होईपर्यंत त्याच्यासमोरून हलू नकोस.

सम्राट,

तुझं पत्र मी काल कॉलेजातून आल्यावर अण्णांना वाचून दाखवत होते. झडप निघाली, चिंधी निघाली, अण्णा मान डोलावत होते. गोरक्षच्या वाक्यापाशी मी थांबले. अण्णांनी विचारलं, "काय झालं? नेट गेलं का?" मी म्हटलं, अण्णा, हीटर चालू आहे. त्यांना ऐकू आलं नाही. मी ओरडून म्हटलं, हीटर चालू आहे! गोरक्षचा पाय भाजला! ते खूश झाले. "मग झालं की! सांगत हुतो न्हवं?"

मग मला पुढचं सांगावं लागलं. सभेत मी कधी एवढ्या मोठ्याने बोलले नाही. हवा गरम आहे, अण्णा. बूट वितळला. त्याला कळलं नाही. रंगुबाई आपल्या दारातून ऐकत होत्या. मी पुन्हा ओरडले, अण्णा, त्याला पायच कळत नाहीत!

ते उठून दारात जाऊन बसले. मग म्हणाले, "त्याला म्हनावं, आता गाडी खोलू नको. गाडीत काय बी बिघाड न्हाई."

रात्रभर नेट नव्हतं तिकडे. मी ओमचा नंबर लावत राहिले. रेश्माशी बोलले, माझी मैत्रीण, नगरला नर्स आहे. तिने मला काय काय विचारलं आणि मी तुझ्या सगळ्या पत्रांमधून उत्तरं देत गेले. ठणका होता का? होता. सुया? होत्या. मग? मग थांबलं. कधी? मी तारीख सांगितली. ती म्हणाली, थांबलं तेव्हाच पळवायला हवं होतं त्याला. थंडीने मेलेला भाग दुखत नाही. आणि बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. तुम्ही त्याला जी ऊब करून दिली तिच्यावर तो पाय ठेवून बसलाय, ती त्याला भाजते आहे आणि तो पंखा वाढवतो आहे.

गोरक्ष, तू हे ऐकतो आहेस ना? रेश्माने सांगितलेलं तुझ्यासाठी लिहिते. त्याचे पाय चोळू नका. शेकू नका, शेगडीजवळ नेऊ नका. त्याला पायी चालवू नका, उचलून न्या. खाली मिलिटरीचा तळ आहे, तिथे डॉक्टर असतो, ओमने एकदा लिहिलं होतं. तुझी गाडी बंद असेल तर ह्याची घे, पण ह्याला चालवू देऊ नको. थट्टा केलीस म्हणून मनाला लावून घेऊ नको. तू केलीस म्हणून आम्हाला कळलं.

सम्राट, तू म्हणशील खेप बुडेल. बुडू दे. तू म्हणशील दुखत तर नाही. तेच तर सांगते आहे. गाडी आपल्या नावावर आहे म्हणतोस ना? मग मालक म्हणून अण्णा सांगतात, ती गाडी आजपासून उभी. अर्ज, सभा, ठेकेदार, ते सगळं मी बघीन, त्याला वेळ आहे. तुझ्या पायांना नाही.

तुला भीती वाटते का, मला माहीत नाही. तू लिहीत नाहीस. कदाचित तुलाही ठाऊक असेल आणि बघायचं नसेल, म्हणून बूट घालूनच झोपतोस. मी तिथे असते तर गुडघ्यावर बसून मीच केलं असतं. मी इथे आहे. अण्णा दारात बसलेत. ओमचं उत्तर आलं का म्हणून दर थोड्या वेळाने विचारतात, आणि मी ओरडून नाही म्हणते.

जास्त काही मागत नाही. खेपेचं नंतर, उत्तराचं नंतर. तुझ्यासमोर ओम आहे, गोरक्ष आहे. स्टोअरमधल्या खुर्चीवर बस, आणि त्यांच्या देखत, आत्ता, दोन्ही बूट काढ.

ताई